सही कोणाची आणि हात कोणाचा



चिटणिसांनी आम्हाला जो विषय दिला तो असा : 'इंजिनियराला विजेच्या ठेकेदारीचे लायसन कसे मिळते ?' विषय ऐकून आमच्या काही सोबत्यांना हसू आले. आंब्याच्या दिवसांत लोक व्याख्यानाला येतात ते संतवाङ्मय ऐकायला, इतिहास ऐकायला. लायसनचा अर्ज कसा भरावा हे ऐकायला कोण येणार ? आम्हाला मात्र विषय आवडला. पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा एडिसनचा दिवा अजून लागायचा होता. आज या मांडवात दिवे आहेत, पंखे आहेत, आमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेणारा कर्णा आहे. आणि हे सारे ज्याने जोडले त्याचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. ठाऊक नसायला हरकत नाही. परंतु त्या जोडणीबद्दल कुणाला तरी जाब विचारता आला पाहिजे. लायसन नावाच्या प्रकरणाचे मूळ तेथे आहे.

वीज आपल्या भागाला परकी नाही. कर्जतच्या बाजूला भिवपुरीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झाले. कल्याणच्या बाजूला ठाकुर्लीला रेल्वेचे चोळा पॉवर हाउस १९२९ साली उभे राहिले, आणि १९८७ साली बंद पडले. वांगणी या दोहोंच्या मध्ये. दारावरून गाडी विजेवर धावू लागली तरी घरात पुढे कित्येक वर्षे कंदीलच होता, हे वडीलधाऱ्या मंडळींना आम्ही सांगायला नको. राज्य विद्युत मंडळ १९६० साली झाले आणि मग खांब गावोगाव निघाले. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन वाटपाचे काम महावितरणकडे गेले, तरी आपण अजून 'बोर्डाची लाइट गेली' असेच म्हणतो. तारे पाहणारी मंडळी मुंबईहून रात्र काढायला वांगणीला येत आली, कारण इथे काळोख चांगला मिळे. आता स्टेशनच्या दोन्ही अंगांना इमारती उठत आहेत आणि काळोख मागे सरतो आहे. जितक्या इमारती तितकी वायरिंग, आणि जितकी वायरिंग तितक्या सह्या.

तर कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असले किरकोळ बदलायचे काम सोडले, तर विजेच्या जोडणीचे नवे काम, वाढीव काम किंवा दुरुस्ती कोणी करावी, याबद्दल त्या नियमाने तीन माणसे सांगितली. काम घ्यावे लायसनदार ठेकेदाराने. त्यावर प्रत्यक्ष देखरेख करावी ती सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरने. आणि हात लावावा तो परमिट असलेल्या वायरमनने. पुढे २००३ चा वीज कायदा आला, २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आले, २०२३ साली त्यांच्या जागी नवे आले. पण ही तीन माणसे कोणी हलवली नाहीत. सरकारी मराठीत लायसनला 'अनुज्ञप्ती' म्हणतात. तो शब्द अडखळल्याशिवाय उच्चारता येणे हीच आमच्या मते पहिली परीक्षा.

नियम लिहिणारा माणूस शहाणा होता. त्याला ठाऊक होते की ठेकेदार हा पैशाचा हिशेब पाहणार, वायरमन हा हातातल्या कामात गुंतलेला असणार. म्हणून दोघांच्या मध्ये एक असा माणूस हवा की ज्याला विजेचे शास्त्र कळते आणि जो जागेवर उभा आहे. 'जागेवर उभा आहे' हे शब्द लक्षात ठेवा. सारी भानगड त्या उभे राहण्याची आहे.

आता आमच्या तरुण इंजिनियर मित्रांचा प्रश्न. वीज विषयातली पदवी किंवा पदविका तुमच्यापाशी असेल, तर सुपरवायझरच्या प्रमाणपत्राला लेखी परीक्षेतून सूट मिळते. ठरावीक मुदतीचा प्रत्यक्ष कामाचा दाखला जोडायचा, आणि अर्ज राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडे करायचा. ते प्रमाणपत्र हाती आले की स्वतःच्या नावावर ठेकेदारीचे लायसन मागता येते. त्यासाठी कचेरीची जागा दाखवावी लागते, परमिटचा वायरमन दाखवावा लागतो, आणि हत्यारे दाखवावी लागतात : मेगर, अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर. आणि ज्या ठेकेदाराकडे स्वतः ही पात्रता नाही त्याने पात्र सुपरवायझर पगारावर ठेवावा, पूर्णवेळ ठेवावा, आणि त्याच्या बळावर लायसन घ्यावे.

अर्जाची हकीकत एवढीच. ती एका छापील कागदावर मावते, आणि तेवढ्यासाठी तुम्हाला उकाड्यात बसवून ठेवायचे आम्हाला कारण नव्हते.

दुसऱ्या माणसाचे काय ते आता ऐका. तारतंत्री किंवा वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पुरा केलेला मुलगा असेल, तर त्याचा मार्ग बराच सरळ आहे. आपल्या शेजारी अंबरनाथला तशी संस्था आहे. पण अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात भिंतीला खाचा मारणारे, पाइप पुरणारे, वायर ओढणारे जे हात आहेत, त्यांतले पुष्कळ तेथून आलेले नाहीत. तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी कुणा मिस्त्रीच्या मागे हेल्पर म्हणून पिशवी उचलून निघाला. पाच वर्षांत बोर्ड भरायला शिकला, दहा वर्षांत थ्री फेजचे पॅनेल जोडायला शिकला. आज त्याला तुम्ही डोळे बांधून उभे करा, तो वायरच्या जाडीवरून सांगेल की ती दिव्याची आहे की गीझरची. त्याला परमिट हवे असेल तर परीक्षेला बसावे लागते. आणि परीक्षेला बसायचे तर लायसनदार ठेकेदाराकडे ठरावीक काळ काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला ठेकेदार देत नाही.

का देत नाही ? दाखला दिला म्हणजे हा माणूस इतकी वर्षे माझ्याकडे होता असे लिहून दिले. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कुठे आहे, कामगार विम्यात नाव का नाही, हजेरीपटावर तो का दिसत नाही, हे प्रश्न त्या एका कागदातून बाहेर पडतात. ठेकेदार मूर्ख नाही. तो म्हणतो, 'अरे, पैसे पाहिजेत तर घे, कागद मागू नकोस.' आणि वीस वर्षे काम केलेला मनुष्य कागदोपत्री आजही अडाणी हेल्परच राहतो.

म्हणजे पाहा कसे झाले. ज्याच्या हाताला अनुभव आहे त्याच्यापाशी कागद नाही. ज्याच्यापाशी कागद आहे त्याला, पुष्कळदा, भिंतीत पुरलेला पाइप कसा दिसतो हे ठाऊक नाही. कारण त्याने जोडलेला अनुभवाचा दाखलाही कधी कधी ओळखीतून आलेला असतो. दोघेही नाइलाजाने आपापली वस्तू विकतात. वायरमन आपली मेहनत रोजावर विकतो. इंजिनियर आपले नाव महिन्यावर विकतो. आणि दोहोंची बेरीज करून ठेकेदार टेस्ट रिपोर्ट महावितरणच्या खिडकीवर सरकवतो.

नाव विकण्याची ही रीत केवळ विजेच्या धंद्यात आहे असे नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याने सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी कामांचा काही वाटा राखून ठेवला. हेतू उत्तम होता. पण मागे बडा ठेकेदार आणि पुढे बेरोजगार अभियंत्याचे नाव, असा प्रकार जिल्ह्याजिल्ह्यांत ज्याने त्याने पाहिला आहे. औषधाच्या दुकानात भिंतीवर टांगलेले फार्मासिस्टचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर बसलेला भलताच गृहस्थ, हेही आपल्याला नवीन नाही. तथापि औषधाच्या दुकानात निदान बाटलीवर नाव छापलेले असते. भिंतीत पुरलेल्या तारेवर काही छापलेले नसते.

आमच्या संघटनेपुढे एक प्रकरण आले होते, ते थोडक्यात सांगतो. गाव सांगत नाही, ठेकेदाराचे नावही सांगत नाही. याच रेल्वेच्या पट्ट्यात एका बांधकामावर एक पोरगा गेला. सव्वीस वर्षांचा. लोखंडी घोड्यावर उभा राहून तो स्लॅबखालच्या पेटीत तारा ओढीत होता. खाली कापायची मशीन चालू होती, तिची केबल सोललेली, आणि ती केबल घोड्याच्या पायाखाली आलेली. बांधकामासाठी जी तात्पुरती जोडणी घेतली होती तिच्या पेटीत गळतीचा प्रवाह तोडणारे यंत्र नव्हते. अर्थिंगची हिरवी तार होती, ती पेटीपर्यंत येऊन तशीच लोंबत ठेवलेली होती. आणि त्या जोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर, अर्थिंग तपासले, इन्सुलेशन तपासले, सारे ठीक, असे लिहून एका पदवीधर इंजिनियराची सही होती. ते गृहस्थ त्या वेळी दुसऱ्या शहरात एका कारखान्यात नोकरीला होते. ठेकेदाराच्या वहीत मात्र ते पूर्णवेळ सुपरवायझर.

चौकशी लागली. वीज कायद्याच्या १६१ व्या कलमाखाली असे अपघात कळवावे लागतात. पहिली वर्दी २४ तासांच्या आत द्यायची असते. ते इंजिनियर आमच्याकडे आले. माणूस वाईट नव्हता. घरी म्हातारे आईबाप, शिक्षणाचे कर्ज. ते म्हणाले, 'साहेब, मी ती इमारत कधी पाहिलेलीसुद्धा नाही.' आम्ही म्हटले, 'अहो, तीच तर तक्रार आहे.'

भरपाईचे काम लांबले. ठेकेदार म्हणाला, पोरगा माझा नव्हताच. हजेरीपटावर नाव नाही, तेव्हा म्हणायला त्याला तोंड होते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात मूळ धन्यालाही धरणारे कलम होते. त्या दोरीला धरून आम्ही बांधकामाच्या मालकापर्यंत पोचलो आणि त्याच्याकडून पैसे निघाले. पोराच्या बायकोने आम्हाला विचारले, 'दादा, त्या कागदावर सही करणाऱ्याला माझ्या नवऱ्याचे नाव ठाऊक होते का ?' ठाऊक नव्हते. त्याला कळवायची व्यवस्थाच नव्हती.

आता कोणी म्हणेल, एक सोललेली केबल, एक अपघात. सहीचा संबंध काय? म्हणून थोडे शास्त्र सांगतो. आम्ही हे पुस्तकांतून आणि वायरमनांच्या तोंडून शिकलो, तेव्हा साध्या भाषेत सांगू शकतो. घरात जो लहान खटका असतो, ज्याला आपण एमसीबी म्हणतो, तो वायर वाचवण्यासाठी आहे, माणूस वाचवण्यासाठी नव्हे. सोळा अँपिअरचा खटका सोळा अँपिअरच्या वर भार गेल्यावर पडतो. माणसाला मरायला तेवढे लागत नाही. पंधरा वॅटचा लहानसा दिवा घ्या, देवघरातला. त्यातून सुमारे ६५ मिलिअँपिअर प्रवाह जातो. तेवढा छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडते. माणूस वाचवणारे जे यंत्र आहे, आरसीसीबी, ते ३० मिलिअँपिअर गळती झाली की क्षणात वीज तोडते. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडला की ते ओळखते, कुठून तरी गळते आहे. आणि अर्थिंग शाबूत असेल तर गळका प्रवाह माणसाने हात लावायच्या आधीच जमिनीत वाट काढतो. ही दोन्ही आहेत की नाहीत, आणि चालतात की नाहीत, हे डोळ्यांनी दिसत नाही. मोजावे लागते. मेगर लावून पाचशे व्होल्टखाली इन्सुलेशन पाहायचे, एक मेगओहमच्या खाली आले तर जोडणी द्यायची नाही. अर्थच्या खड्ड्यापाशी जाऊन अर्थ टेस्टरने रोध पाहायचा. लहान सदनिकेला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासाचे नाव सही.

वांगणीत ही गोष्ट इतर गावांपेक्षा अधिक खरी आहे, आणि का ते सांगतो. आपल्या गावात अंध बांधवांची पुष्कळ घरे आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या फलाटावरून एक मूल रुळांवर पडले, त्याची आई अंध होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके समोरून येणाऱ्या गाडीपुढे धावले. साऱ्या देशाने ते चित्र पाहिले. त्या धावण्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण घराच्या आतले आपण कोणी पाहिले आहे का ? डोळस माणूस बटण दाबतो तेव्हा एका बोटाने दाबतो. काळा पडलेला सॉकेट दिसला तर हात मागे घेतो. अंध माणूस बोर्ड तळव्याने चाचपतो. फुटलेली पट्टी, बाहेर आलेला स्क्रू, सैल झालेला प्लग त्याला हाताला लागल्यावरच कळतो. भाड्याच्या खोलीत, स्वस्तातल्या खोलीत, ज्या घराची वायरिंग ज्याने केली तो निघून गेला आणि ज्याने तपासली तो कधी आलाच नाही, अशा घरात तो तळवा रोज भिंतीवरून फिरतो. टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्याने तो तळवा डोळ्यांपुढे आणावा.

आणि दुसरे, पाणी. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, हजारावर उतारू बोटींनी सोडवावे लागले, हे आपण सारे जाणता. गाडीची बातमी झाली. तळमजल्यावरच्या मीटरच्या पेट्यांत पाणी शिरते, त्याची बातमी होत नाही. पूर ओसरला की लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे मेन स्विच वर. पाणी शिरलेल्या पेटीला मेगर लावल्याशिवाय वीज देऊ नये, हे सांगायला तेव्हा सोसायटीपाशी कोण असतो ? कागदावर ज्याचे नाव आहे तो सुपरवायझर कुठे राहतो हे कुणाला ठाऊक असते ?

असले नियम इथेच आहेत आणि बाहेर सगळा मोकळा बाजार आहे, अशी एक समजूत आपल्या तरुणांत दिसते. परदेशी गेलेल्या इंजिनियरांना विचारा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ठेकेदाराच्या लायसनसाठी कसबी कामाचा चार वर्षांचा अनुभव लागतो. इंजिनियरिंगची पदवी असेल तर त्यातली तीन वर्षांपर्यंत सूट मिळू शकते, पण निदान एक वर्ष प्रत्यक्ष कामावर काढलेले असावेच लागते. पदवी कितीही मोठी असो, त्या एका वर्षाला पर्याय नाही. आणि तिथेही ठेकेदाराला पात्र माणूस नोकरीत ठेवून लायसन घेता येते. मात्र तो माणूस आठवड्याला ३२ तास, किंवा धंदा चालतो त्या वेळाच्या ८० टक्के, यांत जे कमी असेल तितका वेळ कामात असला पाहिजे असे लिहून ठेवले आहे. याचा अर्थ उघड आहे : नावे भाड्याने देण्याची खोड तिकडच्यांनाही होती, म्हणून तास मोजावे लागले. आमची मागणी अशीच आहे की 'पूर्णवेळ' या शब्दापुढे आपल्याकडेही तास यावेत, आणि एका सुपरवायझराच्या नावावर किती जागी किती टेस्ट रिपोर्ट निघाले ते लोकांना पाहता यावे.

आपल्याकडे वकिलासाठी १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदासाठी १९७२ चा आहे. चुकला तर त्याची सनद काढून घेता येते. इंजिनियरासाठी तसा देशव्यापी कायदा वर्षानुवर्षे चर्चेतच राहिला. पण नवे सुरक्षा विनियम 'सनदी विद्युत सुरक्षा अभियंता' असा माणूस पुढे आणतात. मालकाने स्वतःच आपली जोडणी सुरक्षित आहे असे प्रमाणित करायचे, आणि त्याला या अभियंत्याने साह्य करायचे. सरकारी निरीक्षकाची फेरी जितकी कमी होईल तितके तुमच्या सहीचे वजन वाढणार. तिचा भावही वाढणार, हे आम्ही वेगळे सांगत नाही. आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम, जे २०२४ पासून न्याय संहितेत १०६ वे आहे, ते कोणाच्या दारात जाईल हेही तुमचे तुम्ही पाहा. महिन्याच्या त्या चार पैशांत हे सारे धरलेले असते. विकत घेणारा सांगत नाही इतकेच.

तेव्हा तरुण मित्रांनो, लायसन जरूर घ्या. ठेकेदार होऊ नका असे सांगणारे युनियनवाले आम्ही नव्हे. पण ते पहिले वर्ष खरे काढा. वायरमनच्या शेजारी उभे राहा, खाच तिरकी का मारू नये ते त्याला विचारा, अर्थच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ स्वतः टाका. रोजनिशी ठेवा, मोजलेले आकडे तारखेसह लिहा. आणि ज्या दिवशी लायसन तुमचे होईल त्या दिवशी तुमच्या हाताखालच्या माणसाला हजेरीपट द्या आणि मागेल तेव्हा दाखला द्या. तुम्ही त्याच्याकडून वर्षभर शिकलात; त्याने परीक्षेला बसावे एवढे तरी त्याचे देणे लागता.

वायरमन बंधूंना एकच विनंती. पगार हातात मिळत असेल तरी ठेकेदाराचे संदेश, मालाची पावती, कामाच्या जागेची छायाचित्रे तारीखवार जपून ठेवा. दाखला नाकारला गेला तर त्यावरून उभे राहता येते. आम्ही काही जणांना तसे उभे केले आहे. परीक्षेच्या अर्जाच्या कामी आमचे दोन सोबती आज मागच्या बाकावर बसले आहेत, त्यांना भेटा.

अध्यक्षमहाराजांची परवानगी आहे, तेव्हा एक शेवटचे काम. या मांडवाची जोडणीही तात्पुरतीच आहे, आणि नियम तिलाही लागू आहे. आम्ही अर्थ टेस्टर आणि मेगर बरोबर आणले आहेत, आणि मांडव ज्याने जोडला तो भाऊही इथे हजर आहे. आभाराचे भाषण झाले की दिवे पाच मिनिटे बंद होतील. ज्यांना मोजणी पाहायची असेल त्यांनी डाव्या बाजूच्या खांबापाशी यावे. मुलांना पुढे उभे करा, पण तारेपासून दोन हात दूर.